करंटच्या खोलीतले बारा दिवस

मी हे लिहावं की नाही, याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. लिहिणं हे ज्यांचं काम आहे अशी माणसं मी लांबून पाहिली आहेत. कडोलीच्या साहित्य संमेलनाला एकदा सायकलवरून गेलो होतो. मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून ऐकलं आणि कुणाशी काही न बोलता परत आलो. तिथं बोलणाऱ्यांकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. माझ्याकडं एकच गोष्ट आहे, आणि तीही आईच्या गुडघ्याची. गुडघेदुखीवर कोण काय वाचणार, असं वाटून दोनदा कागद बाजूला ठेवले. वाचणाऱ्यानं माफ करावं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच. बोलण्याआधी मनात वाक्य जुळवून बघायची मला अजून सवय आहे, आणि वाक्य जुळेपर्यंत बहुतेक वेळा बोलायची वेळ निघून जाते. या गोष्टीत त्या सवयीचा दोष मोठा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आई निपाणीत विड्या वळायची. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते, ते मी सातवीत असताना गेले. आई मात्र लहान पोर होती तेव्हापासून विड्याच करत आलेली. मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप घ्यायचं, सुपात पानं आणि तंबाखू, आणि दिवस मावळेपर्यंत तसंच बसून राहायचं. जेवायला उठली तर उठली. सूप मांडीवर असलं की पाय हलवता येत नाही, नाहीतर तंबाखू सांडते. चाळीस वर्षं तिनं पाय हलवले नाहीत असं म्हटलं तरी फार चूक होणार नाही.

मी बेळगावला बी.एस्सी.ला होतो, दुसऱ्या वर्षाला. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. सुट्टीला घरी गेलो की आई उठताना आधी दोन्ही हात जमिनीवर टेकते, मग भिंत धरते, मग थोडी थांबते, हे मला दिसायचं. वय झालं की असं होतंच, एवढाच विचार मी केला होता. खरं काय ते मला शेजारच्या मावशीनं सांगितलं. ही मावशी नात्यातली नव्हे. भिंतीला भिंत लागून तिचं घर, आणि आई आणि ती एकाच कारखान्याच्या विड्या करायच्या. नळावर पाणी भरताना तिनं मला बाजूला घेतलं.

"तुझी आई तुला सांगायची न्हाय, म्हणून मी सांगते. कॉलेजात जातोस न्हवं? मग ऐकून घे जरा."

"काय झालं मावशी?"

"सकाळी आम्ही भाइर जातो. तिला बसता येतंय, पण उठता येत न्हाय. मी हाताला धरून उठवते. परवा मला ताप हुता, मी गेले न्हाय. ही एकटीच गेली, आणि तशीच बसून ऱ्हायली की रं! उजाडलं, माणसं गाड्या घेऊन शेताला निघाली, आणि ही पदर तोंडावर घेऊन बसलेली. कोण तरी पोरगी आली पाण्याला, तिनं उठवलं. त्या दिसापास्नं सांजचं पाणी प्यायचं सोडलंय तिनं."

आमच्या वस्तीत तेव्हा संडास नव्हते. ओढ्यापलीकडच्या बांधाला बायका अंधारात जायच्या. आईबद्दल असं काही ऐकायची माझी तयारी नव्हती. मी घागरीकडं बघत राहिलो.

"तिला दुसरं काय नको," मावशी म्हणाली. "तिचं तिला उठता आलं पायजे. एवढंच कर."

श्रावणात मी आईला बेळगावला आणलं. ती यायला तयार नव्हती. मग तयार झाली ती सूप आणि पानांचं गाठोडं घेऊन. "तितं खोलीत बसून काय करू? तुझी पुस्तकं वाचू व्हय?" असं म्हणाली. सूप मावशीनं तिच्या हातातून काढून घेतलं तेव्हा कुठं एस.टी.त बसली. शहापुरात माझी भाड्याची खोली होती. खोलीतला दुसरा मुलगा नंदगडचा, तो बारा दिवस मित्राकडं राहायला गेला. आईनं पहिल्या दिवशी त्याचं अंथरूणसुद्धा धुऊन वाळत घातलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून बघितले, फोटो काढला. गुडघ्यातली गादी झिजली आहे, ती काही परत येत नाही, पण मांडीत जोर आला तर गुडघ्याला आधार मिळेल, असं म्हणाले आणि चिठ्ठी देऊन मागच्या बाजूच्या खोलीत पाठवलं. त्या खोलीला सगळे करंटची खोली म्हणत.

तिथल्या बाई धारवाडकडच्या. वयानं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मराठी बोलायच्या, पण मधेच कन्नडवर जायच्या. त्यांनी आईच्या मांडीभोवती टेप गुंडाळून मापं घेतली आणि मला समजावून सांगितलं. गुडघा दुखतो म्हणून माणूस पायावर जोर देत नाही. जोर दिला नाही की मांडीचा स्नायू वाळतो. स्नायू वाळला की सगळा भार गुडघ्यावर पडतो, आणि गुडघा आणखी दुखतो. असं वर्षानुवर्षं चाललं की मेंदू सांगतो आणि स्नायू ऐकत नाही. मग बाहेरून करंट द्यायचा. तो शिरेला जागं करतो आणि स्नायू आपोआप आवळतो.

"पण अम्मांनी नुसतं पडून राहायचं नाही," बाई म्हणाल्या. "करंट आला की त्यांनीपण आवळायचं. करंटनं आणि त्यांनी, दोघांनी मिळून. आणि करंट एवढा पाहिजे की स्नायू उडाला पाहिजे. मुंग्या आल्या म्हणजे झालं नाही. कळलं?"

मी मान हलवली. मला खरोखरच कळलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी असाच करंट देणाऱ्या तारेच्या कॉइलवर काम केलं होतं. करंटच्या त्या पेटीकडं बघून मला बरंही वाटलं, की आपण शिकतो ते आईच्या उपयोगाला येतंय.

पेटी लाकडी होती. तिला दोन बटणं आणि आकडे लिहिलेली तबकडी. दोन पत्र्याच्या पट्ट्या, त्यांना मिठाच्या पाण्यात भिजवलेलं जाड कापड, आणि वर रबराचा पट्टा. एक पट्टी मांडीच्या वरच्या अंगाला, एक गुडघ्याच्या थोडी वर. आई नऊवारी नेसायची. म्हणजे कासोटा सोडून मांडी उघडी करायची. ती मटकन खाली बसली.

"चल घरला," मला म्हणाली. "माझं काय दुखत न्हाय."

पुरुषांच्या बाजूला कॅम्पातले एक म्हातारे सुभेदार होते. एका गुडघ्याला जुनी दुखापत होती, चड्डीवर आडवे पडून करंट घ्यायचे. त्यांनी तिथूनच हाक दिली.

"मावशी, घाबरू नका हो! मी रोज करंट खातोय. घरी गेलो की बायको हातात बल्ब देते. म्हणते, लागतोय का बघू."

आईनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं पदराआडूनच विचारलं, "मग, लागला का?"

"कसला लागतोय! सरकारी करंट, निम्मा वाटेतच गेलेला असतोय."

आई हसली. बाईंनी तेवढ्यात तिला उठवून पडद्याआड नेलं. मी बाहेर राहिलो.

पहिल्या दिवशी बाईंनी स्वतः बघून करंट वाढवला. आई एकदम ओरडली, "अगं आई आई, आत कोण तरी ओढायलंय गं!" बाई म्हणाल्या, "अंजब्याड अव्वा, भिऊ नको, ओढायलाच पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून आईनं एक केलं. पट्ट्या बांधून झाल्या की चादर मांडीवर ओढून घ्यायची. बाईंना चार ठिकाणी पळायचं असायचं. त्या येऊन चादर न काढता बटण फिरवायच्या आणि विचारायच्या, "आलं का अव्वा? ओढतंय का?"

"व्हय बाई."

"नीट ओढतंय?"

"व्हय, व्हय. लई झ्याक."

आणि बाई पुढच्या माणसाकडं जायच्या. मी पडद्याबाहेर बाकावर बसून हे रोज ऐकत होतो. मला आनंद वाटायचा.

सहाव्या दिवशी बाईंनी मला आत बोलावलं. आईच्या पाठीखाली उशी सरकवायची होती. उशी देताना चादर सरकली. आईनं लगेच ओढून घेतली, पण तेवढ्यात मला दिसलं. मांडी हलत नव्हती. पट्टीखालची कातडी नुसती थरथरत होती, डबक्यावरून वारा जातो तशी. तबकडीवरचा काटा सुरुवातीच्या आकड्यांतच होता. मघाशी बाकावरून मला सुभेदारांची मांडी दिसली होती. ती दर वेळी गोळा होऊन गुडघ्याची वाटी वर ओढत होती, आणि ते मोठ्यानं आकडे मोजत होते. मी पुन्हा काट्याकडं बघितलं. आईकडं बघितलं. ती वर छताकडं बघत होती.

बाईंना सांगायला पाहिजे होतं. एवढंच सांगायचं होतं की करंट कमी आहे. पण बाईंना त्यांचं काम मी शिकवायचं, हे मला जमेना. इंग्रजीत सांगितलं तर उद्धटपणा वाटणार नाही असं वाटून मी बाकावर बसून इंग्रजीत वाक्य जुळवलं. क्रियापद कुठं घालावं यावर अडलो. दुसऱ्या दिवशी वाक्य तयार होतं, पण बाई एका रडणाऱ्या पोराच्या हाताला पट्ट्या बांधत होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "कसं वाटतंय अम्मांना?" आणि मी म्हणालो, "बरं वाटतंय म्हणते."

ते खोटं नव्हतं. आईला बरं वाटत होतं. ती चालताना कमी लंगडायची. पायाची कुरकुर करेना. खोलीवरच्या संडासात भिंतीला धरून ती एकटी जाऊन यायची. बारा दिवस तिनं विडी वळली नव्हती, बारा दिवस मांडी घातली नव्हती, गुडघ्यांना विसावा मिळाला होता. हे मला आता कळतं. तेव्हा करंटचा गुण आला, असं आईला वाटलं, बाईंना वाटलं, आणि काटा पाहिलेला असून मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

निघताना बाईंनी व्यायाम सांगितला. उंचावर बसून पाय खाली सोडायचे, घोट्याला वाळूची पिशवी बांधायची, आणि गुडघा सरळ करून दहा मोजेपर्यंत धरायचा. रोज दोन वेळा. आईनं त्यालाही व्हय म्हटलं. बसस्टँडवर तिनं मावशीसाठी बेळगावी कुंद्याचा पुडा घ्यायला लावला. बसची पायरी चढताना तिनं माझा हात झटकला आणि वर जाऊन मागं वळून बघितलं, मी बघितलं का ते बघायला.

दिवाळीला घरी गेलो. आमच्या घरात उंच बसायला काहीच नव्हतं, म्हणून आई वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कट्ट्यावर बसून वाळूची पिशवी उचलायची. बायका चेष्टा करायच्या. "काय गं, पैलवान हुणार काय म्हातारपणी?" आई म्हणायची, "तुझ्या नवऱ्यासंगं कुस्ती हाय माझी." पण मी जवळ बसून बघितलं. ती पाय मांडीनं उचलत नव्हती. मागं रेलून, कमरेतून झोका देऊन वर फेकत होती. पिशवी वर जायची, मांडी मऊच्या मऊ.

आणि पहाटे कडी वाजली तेव्हा मी जागा होतो. मावशीचा आवाज आला, "चल गं, धर हात."

म्हणजे काहीच झालं नव्हतं. दुपारी आई सूप घेऊन बसली होती, तेव्हा मी तिला विचारलं.

"आई, तितं बाई विचारायच्या, ओढतंय का म्हणून. खरं ओढत हुतं?"

ती पान कापत राहिली. "पयल्या दिशी ओढलं."

"आणि मग?"

"मग मुंग्या यायच्या."

"मग व्हय का म्हणायचीस?"

"आता काय म्हणायचं रं?" तिनं मान वर केली. "खिडकीवर काय म्हणायचं असतंय?"

खिडकी म्हणजे कारखान्याची. तिथं तपासणारा बसायचा. विड्या करणारी बाई जुड्या पुढं सरकवणार, तो उलटून-पालटून बघणार आणि विचारणार, पानं नीट भिजवली का, तंबाखू पुरी भरली का, मोजून बांधल्या का. उत्तर एकच, व्हय. जी बाई थांबली, जी म्हणाली की दोन-चार जरा सैल आहेत, तिची सगळी टोपली परत. आईनं पोरवयापासून हे केलं होतं. कुणी टेबलापलीकडून विचारलं की व्हय म्हणायचं आणि पुढं सरकायचं.

"न्हाय म्हणलं आणि त्यांनी परत पाठवलं असतं तर?" आई म्हणाली. "तू एवढं कॉलेज बुडवून आणलंस. तुझं तोंड काय ऱ्हायलं असतं त्या बाईम्होरं?"

काटा मी पाहिला होता, हे तिला मी सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

बेळगावला परत आल्यावर बाईंकडं जायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज दवाखान्याच्या फाटकावरून पुढं जात होतो. असे दोन महिने गेले. संक्रांत झाल्यावर एकदा गेलो. सगळं मराठीतच सांगितलं, अडखळत, चादरीचं, खिडकीचं, आणि काट्याचंही. बाई पट्ट्या धूत होत्या. त्यांनी हात पुसले आणि स्टुलावर बसल्या.

"तुम्ही पाहिलं होतं?"

"हो."

"मग सांगायचं ना हो." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तोंडाला विचारलं, मांडीला विचारायला पाहिजे होतं. परत आणा त्यांना. या वेळी मी विचारणारच नाही, हात ठेवून बघीन. महिनाभर करू. गादी काही नवी होणार नाही, पण उठता येईल असं मला वाटतं. पुढच्याच आठवड्यात आणा. जितकं लांबेल तितका स्नायू जातो."

मी घरी पत्र लिहिलं. मावशीच्या सुनेला वाचता यायचं. आठ दिवसांनी तिच्या हातचं उत्तर आलं. आईनं सांगितलं होतं की तुझी परीक्षा जवळ आली, आता महिनाभर माझ्यामागं पळू नको, पेपर झाले की येते, तोवर मी पिशवी उचलते.

ते पत्र वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. परीक्षेला सात आठवडे होते. एकदा मनात आलं की सरळ जाऊन तिला घेऊन यावं. ती पडद्याआड असेल तेव्हा बाकावर बसून वाचता येईल. पण मग खोलीचं काय, स्वयंपाकाचं काय, आणि नापास झालो तर काय, असं करत मी पुस्तकात तोंड घातलं. मार्चमध्ये घरून पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही.

शेवटचा पेपर प्रॅक्टिकलचा होता. तो देऊन बाहेर पडलो तर कॉलेजच्या फाटकाजवळ झाडाखाली मावशी उभी होती. चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन. ती कधी बेळगावला आली नव्हती. मी पळत गेलो.

"झाला पेपर?" तिनं आधी हेच विचारलं. "हा शेवटचाच न्हवं? आता कुठला ऱ्हायला न्हाय?"

"न्हाय, संपले. मावशी, तू इकडं कशी? आई कुठाय?"

"हाय, घरात हाय. सून बसलीया तिच्याजवळ. आधी खाली बस."

मी बसलो नाही. तीच बुंध्याला टेकली.

"मी लेकीच्या बाळंतपणाला गेलते चिकोडीला," ती म्हणाली. "तुझ्या आईला सांगितलं हुतं, माझ्या सुनेला जागं कर म्हणून. तिनं न्हाय उठवलं. एकटीच गेली. उठायला म्हणून बाभळीची फांदी धरली, फांदी मोडली, आणि दगडावर पडली. कंबरेच्या खाली हाड मोडलंय. निपाणीच्या डॉक्टरनं वजनं बांधून ठेवल्यात पायाला."

"कधी?"

मावशीनं पिशवीच्या बंदाची गाठ सोडली आणि परत बांधली.

"तीन आठवडं झालं. तुला कळवायचं न्हाय म्हणून तिनं आमच्याकडनं शपथा घेतल्या. पेपर झाल्यावरच सांगा म्हणाली. डॉक्टर म्हणत्यात, जीवाला काय न्हाय. पण आता तिनं उभं ऱ्हायाचं सोडून द्या म्हणत्यात."